उपासनाने शिकवायचा राहिलेला रिव्हर्स

सायकलवर बसण्याआधी उपासना तिच्याभोवती फेरी मारून टायर दाबून बघते. चहा करताना "पाणी, साखर, गॅस" असं मोठ्याने म्हणते. सकाळी खिडकीतून आधी वारा बघते, मग माझ्याकडे.

नागपूरची ही माझी रूममेट इथे अमेरिकेत, ॲन आर्बरजवळ विमान चालवायला शिकवायची. जूनमध्ये तिचा व्हिसा संपणार होता आणि ग्रीन कार्डाशिवाय इथली एकही एअरलाइन तिला घेत नव्हती. म्हणून तिने बोलिव्हियातल्या एका छोट्या एअरलाइनकडे अर्ज केला. आठ महिने ती स्पॅनिश शिकली. भांडी कोणी घासायची यावरून भांडायचीही स्पॅनिशमध्येच.

काल ती मला ड्रायव्हिंग शिकवत होती. मी गाडी घराच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर थांबवली, तोच तिचा फोन वाजला. ती स्पॅनिशमध्ये हो हो म्हणत राहिली. मग किंचाळली, "घेतलं यार मला! सोमवारी निघायचंय!"

मी थक्क. सुचलं ते बोलले, "आणि माझा रिव्हर्स?"

"विमान मागे ढकलायला ट्रॅक्टर येतो गं. मला तरी कुठे धड जमतो?"

हसत, रडत ती कागदपत्रं शोधायला घरात धावली. गाडी अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहे.