ठेकेदाराचा कुत्रा आणि आमची बाग

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा आमच्या वस्तीत सातवी पास झालेली मी एकटीच बाई होते. माहेरी शाळा घरासमोरच होती आणि बापाला हौस होती, म्हणून शिकले. सासर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापसाचा बाजार, सरकी काढायचे दोन जिन, नेरकडे जाणारी मोटार आणि कमेटीनं, म्हणजे नगरपालिकेनं, नवीनच केलेली एक बाग. आमचे हे जिनात कामाला होते.

घरात चालायचं ते सासूचं. मी तिला आत्याबाई म्हणे. उंच, काटक बाई. कापूस वेचायला लागली की तिच्या बरोबरीनं ओळ कोणाला धरता येत नसे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि त्याच दिवशी घरातल्या कोनाड्यातले देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले, असं वस्तीत सांगत. मला ती कशालाच भीत नाही असं वाटायचं. पण एका गोष्टीला ती भ्यायची. कुत्र्याला. लहानपणी गावातल्या मोठ्या घरांपुढून जाताना मुद्दाम कुत्री अंगावर सोडत, ते ती विसरली नव्हती. रस्त्यात साधं मरतुकडं कुत्रं दिसलं तरी माझा दंड धरायची.

एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या ती म्हणाली, "तुले येते वाचता. मंग आमाले काहून नाई शिकवत?"

"तुम्हाला शिकायचं आहे?"

"मले बी अन् बाकीच्याइले बी. मेल्यावर शिकू का?"

वस्तीत बसायला जागा नव्हती. विहार म्हणजे एक तट्ट्याची खोली, तिथं पुरुषांच्या बैठका. अंगण कोणाचंच मोठं नाही. आत्याबाईनंच बागेचं नाव काढलं. बाग सगळ्यांसाठी होती, पण आमच्या वस्तीतली बाई कधी त्या फाटकातून आत गेली नव्हती. जाऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि या असंही कोणी म्हटलं नव्हतं. वेचणी संपली, बायांना संध्याकाळी थोडी सवड झाली, आणि आम्ही पाट्या पदराखाली घेऊन बागेत गेलो. मेंदीचं कुंपण, सिमेंटचे बाक, लिंबाची चार मोठी झाडं. आम्ही एका लिंबाखाली बसलो. चौकीदारानं पाहिलं, विडी ओढत राहिला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी 'ग' गिरवला. आत्याबाईचा 'ग' पाटीबाहेर जायचा.

त्या बागेत रोज एक जंगलाचा ठेकेदार फिरायला यायचा. सागवानाचा मोठा धंदा, कमेटीचा मेंबर, अंगानं भरदार. त्याच्याजवळ नागपूरहून आणलेला एक कुत्रा होता, काळ्या पाठीचा, माझ्या कमरेला लागेल एवढा. गळ्यात पट्टा होता. साखळीही होती, पण ती ठेकेदाराच्या हातात असायची. कुत्रा पुढं मोकळा धावायचा, मालक मागून साखळी फिरवत यायचा.

कुत्रा आमच्याकडं आला की बाया उठून पळायच्या. पाट्या फुटायच्या. ठेकेदार लांबूनच ओरडायचा, "अहो, काही करत नाही तो! तुम्ही पळता म्हणून येतो तो मागं. खेळून राह्यला!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटायचं. घरी तो कुत्रा त्याच्या पायाशी झोपत असेल, हातून भाकर खात असेल. पण आम्ही काही त्याच्या घरातल्या नव्हतो, आणि आम्हाला त्याचे दात दिसत होते. मी दोनदा त्याला म्हटलं, "साहेब, बांधून आणा ना त्याला." दोन्ही वेळेस तो हसून पुढं गेला.

मग एका संध्याकाळी तो कुत्रा सरळ आत्याबाईवर गेला. ती पळालीसुद्धा नाही. भीतीनं तिचे पायच उचलले नाहीत. पोटरीला धरलं त्यानं. मी पाटीनं त्याच्या तोंडावर मारत होते, ती ओरडत होती, आणि ठेकेदार धावत येऊन पट्ट्याला धरून त्याला ओढत होता. ओढून झाल्यावर तो म्हणाला, "असं कधी केलं नाही हो यानं." तिच्या पायातून रक्त वाहत होतं, आणि तो कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

तिला यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. रोज पोटात सुई. आम्ही तिथं एका नातेवाइकाकडं राहिलो. सुई टोचली की ती माझा हात दाबायची आणि 'क, ख, ग' म्हणायची. 'घ'पर्यंत सुई निघालेली असायची.

परत आलो तर वस्तीतली तरणी पोरं तापलेली. कुत्र्यापुढं विष घातलेली भाकर टाकायची, म्हणत होती. आत्याबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. तिनं सगळ्यांना गप्प केलं.

"मुक्या जनावराले काहून मारता? त्याले समजते का बाग कोनाची हाय ते? साखळी त्याच्या हातात होती का मालकाच्या?"

तिनं दुखरा पाय जवळ ओढून घेतला.

"मंग मालकाले इचारू ना."

आधी आम्ही कमेटीत अर्ज दिला. तिथल्या बाबूनं वाचला, चष्मा काढला. म्हणाला, "बागेत कुत्रा बांधून आणावा असा काही नियम नाही. अन् साहेब तर इथले मेंबर आहेत." मग आवाज बारीक करून म्हणाला, "तुम्ही बायांनी थोडे दिवस बागेत नाही गेलं तर काय बिघडते?"

हे मी घरी येऊन सांगितलं. मला रडू येत होतं. आत्याबाई भाकर थापत होती. थापणं थांबवून म्हणाली, "बाग त्याच्या कुत्र्याले पायजे तं घेऊ दे. आपन त्याच्या ओट्यावर बसू. तिथं तं कुत्रा नसते ना त्या टायमाले."

मला वाटलं गंमत करते आहे.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार कुत्रा घेऊन बागेकडं वळला आणि आम्ही त्याच्या घराकडं. रस्त्याला लागून लांबच लांब दगडी ओटा होता. आत्याबाई लंगडत पुढं, पट्टी बांधलेला पाय. ती पहिली बसली. मग एकेक करून सगळ्या. ज्या बागेतून पळून गेल्यापासून आल्या नव्हत्या, त्याही त्या दिवशी आल्या होत्या. मी उभी राहून 'का, कि, की, कु, कू' म्हणायला लागले आणि त्या मोठ्यानं माझ्यामागं. रस्त्यावर माणसं थांबली. सायकलवाले उतरले. समोरचा दुकानदार माप हातात धरून तसाच उभा.

दार उघडून ठेकेदाराची बायको बाहेर आली. गोरी, नाजूक, डोक्यावरून पदर. ती घाबरली होती.

"काय आहे बाई? काय पाहिजे?"

"काही नाई पायजे," आत्याबाई म्हणाली. "शाळा हाय आमची. बागेत तुमचा कुत्रा हाय, म्हून इथं बसलो. तो बांधला का आमी जाऊ."

तिचं लक्ष पट्टीकडं गेलं. "तुम्हालाच चावला का?"

आत्याबाईनं मान डोलावली. ती बाई आत गेली. मला वाटलं नोकरांना घेऊन येते. पण ती पाण्याची कळशी आणि पेला घेऊन आली आणि आमच्यापुढं ठेवून दाराच्या उंबऱ्यावर बसली. छप्पनच्या आधी तसं पाणी आमच्यापुढं कोणी ठेवलं नसतं, हे ओट्यावरच्या प्रत्येकीला माहीत होतं.  एकेक करून सगळ्या पाणी प्यायल्या.

तेवढ्यात ठेकेदार परत आला. कुत्रा नेहमीप्रमाणं मोकळा, पुढं. आपल्या दारात एवढी माणसं पाहून तो कुत्रा भुंकत सुटला आणि थेट ओट्याकडं आला.  बाया एकमेकींत सरकल्या. मी पळणार होते, खरंच पळणार होते. आत्याबाईनं माझं लुगडं खालून घट्ट धरलं होतं. 

"हालू नको," ती म्हणाली. "वाच."

मी म्हटलं, "के." सगळ्या म्हणाल्या, "के." कुत्रा हातभर अंतरावर येऊन भुंकत होता. "कै." सगळ्या म्हणाल्या, "कै."

"अहो, त्याला धरा!" उंबऱ्यावरून ठेकेदाराची बायको ओरडली. नवऱ्यावर भर रस्त्यात ओरडण्याची ती बहुधा तिची पहिलीच वेळ असावी. "धरा म्हणते ना आधी! साखळी लावा!"

ठेकेदार धावत आला. त्याचे हात गडबडत होते, कडी पट्ट्यात बसेना. बसली. कुत्रा मागं ओढला गेला आणि गप्प झाला.

"हे काय चाललं आहे माझ्या दारात?" त्याचा चेहरा लाल झाला होता.

आत्याबाई उभी राहिली. "बांधला ना आता? बागेत बी असाच बांधा. आमी इथं येत नाई मंग."

"मी बोलावतो पोलिसांना."

"बलवा," ती म्हणाली. "त्याइले पाय दाखवतो मी."

गर्दीत कोणीतरी हसलं. ठेकेदारानं बायकोकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही. "त्यांच्या जागी मी असते तर?" एवढंच म्हणाली. तो कुत्र्याला घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं. बायको मात्र बाहेरच उंबऱ्यावर बसून राहिली. आम्ही 'को, कौ' पुरं करूनच उठलो. त्या बाईचे ओठ आमच्याबरोबर हलत होते, हे मी पाहिलं.

आम्ही पुन्हा दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशीही. ठेकेदार त्या दिवशी घरातच होता. बाहेर आला. मग आत्याबाईला म्हणाला, "बाई, मला खरंच वाटायचं की तो काही करत नाही."

"तुमाले काहून करीन तो?" ती म्हणाली. "तुमचाच हाय ना."

त्यावर तो हसला. पहिल्यांदाच आमच्याशी बोलताना त्यानं हात जोडले. "उद्यापासून बागेत बसा. माझी जबाबदारी."

आम्ही गेलो. संध्याकाळी तो आला, साखळी मनगटाला दोन वेढे देऊन. कुत्रा शेजारी शहाण्यासारखा चालत होता. आमच्याजवळून जाताना मालक थांबला. "पाहा, आता हात लावून पाहा. गरीब आहे."

"लांबूनच बरा हाय," आत्याबाई म्हणाली. बाया एवढ्या हसल्या की चौकीदार उठून पाहायला आला.

पुढं त्यानंच कमेटीत बोलून फाटकाजवळ पाटी लावून घेतली. 'कुत्रा साखळीशिवाय बागेत सोडू नये.' पांढऱ्यावर काळी अक्षरं. आमची शाळा पुढं दोन-तीन उन्हाळे चालली. ठेकेदाराची बायको एकदा नवऱ्याबरोबर बागेत आली, आणि तो फेऱ्या मारत असताना आमच्यात येऊन बसली. मग रोजच येऊ लागली. तिला सही यायची, पण वाचता येत नव्हतं, हे तिनं पहिल्यांदा आम्हालाच सांगितलं.

ती पाटी लागल्यानंतरच्या वर्षी गावात एक नवे साहेब बदलून आले. कोणत्या खात्याचे ते जाऊ द्या, पण जीपमधून फिरणारे. त्यांच्याजवळ दोन शिकारी कुत्री होती. एका संध्याकाळी बागेचं फाटक उघडून त्यांनी दोन्ही मोकळी सोडली. मी उठणार, तोवर आत्याबाई उठून चालायलाही लागली होती. पाय थोडा ओढत, पण भरभर. कुत्री तिच्याभोवती हुंगत फिरत होती. ती थांबली नाही. 

"साहेब," ती म्हणाली, "हे वाचलं का?"

"काय?"

तिनं पाटीकडं बोट केलं आणि स्वतःच वाचायला लागली. "कु... त्रा." जोडाक्षरावर ती अडायचीच, पण ते निघालं. "सा... ख..." तिथं थांबली. 'ळ' तिला नेहमी चकवायचा. साहेब उभे. जीपचा ड्रायव्हर उभा. बागेतली माणसं उभी. मी मागून सांगू शकले असते, पण ठेकेदाराच्या बायकोनं माझा हात धरला.

"ळी," आत्याबाई म्हणाली. "साखळी. साखळी... शिवाय. बागेत सोडू नये."

सगळं वाचून झाल्यावर ती साहेबाकडं वळली. साहेबांनी ड्रायव्हरकडं पाहिलं, ड्रायव्हरनं जीपमधून साखळ्या आणल्या, आणि साहेबांनी स्वतः वाकून दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात कड्या अडकवल्या.

आत्याबाई परत आली, लिंबाखाली आपल्या जागी बसली, घाम पुसला आणि मला म्हणाली, "चाल, सांग. पुढचा धडा कोनता?"