समोर बसून बोलणाऱ्या बाई

गोव्यातल्या आमोण्याच्या आमच्या अंगणवाडीतल्या बाईंनी कुठल्याच पोराला कधी 'चुकलं' म्हटलं नाही. पोर म्हणायचं, "गाय पाय." बाई लगेच म्हणत, "होय रे, गाय पाणी पिते. काळी गाय पाणी पिते." पोर जेवढं देई त्यात आपलं थोडं घालून त्या परत करीत. बघता बघता पोरं चुरुचुरु बोलू लागत.

माझा दिगू मात्र बोलेना. आम्ही सावंतवाडीकडचे, नवरा खाणीच्या ट्रकावर. बाईंपाशी मी रडले, झील तीन वर्षांचो झालो, अजून 'आये' म्हणना नाय. त्यांनी धीर दिला, "बोलतलो गो, काही पोरं उशिरा बोलतात." त्याने नुसतं 'आ' केलं तरी त्या "आंबा? आंबा हवा तुला?" म्हणून त्याच्याशी गप्पा मारीत. माझा त्यांच्यावर देवासारखा विश्वास.

आमचं बिऱ्हाड रस्त्यालगत. दिवसभर ट्रक भिंती हादरवत जात आणि दिगू मान वळवत नसे. ट्रकाची सवय झालीय त्याला, असं मी म्हणे, शेजारी म्हणत, बाईसुद्धा म्हणाल्या. मेली ती सवय!

एका सकाळी अंगणवाडीसमोर दिगू रस्त्यात उभा, मागून हॉर्न वाजवत ट्रक आला तरी हलला नाही. बाईंनी धावत जाऊन त्याला ओढलं. तेव्हा कुठे आम्हा दोघींना कळलं. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासून ऐकू येत नाही, फार उशिरा आणलंत.

संध्याकाळी बाई घरी आल्या. पाणीही घेतलं नाही.

"मी बोलत राहिले. ह्याला ऐकू येतं का, ते पाहिलं नाही. चूक माझी."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. अजून जीव जळतो, त्यांच्यावर आणि माझ्यावरही.

दुसऱ्या दिवसापासून त्या उजेडाकडे तोंड करून दिगूसमोर मांडी घालून बसू लागल्या. त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून एकेक शब्द सावकाश म्हणत. कित्येक वर्षांनी तो जाडाभरडा 'आये' म्हणाला, तेही बाईंना. मला झोंबलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "होय, आये. तुझी आये तिथं बसलीय." दिगूचे मोजके शब्द झाले ते सगळे त्यांच्या तोंडाकडे बघून.

बाई गेल्या तेव्हा दिगूला मिसरूड फुटलं होतं. तिरडीशी गुडघे टेकून तो त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. ओठ हलायची वाट बघत होता. उचलायला आलेली माणसं त्याला हाका मारत राहिली. शेवटी मीच त्याला धरून उठवलं.