हसायची जागा

आर्णीच्या स्टँडजवळचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःला फवारणीत झालेल्या विषबाधेची गोष्ट सांगतो. वाक्यं तीच, आणि “डोयापुढे अंधारच अंधार” म्हणताना हसूही तेच. ‘दुःख बोला, मन हलकं होतं’ अशी पत्रकं मी गावोगाव वाटतो. याचं मन मात्र हलकं दिसेना, म्हणून मला त्या गोष्टीचाच संशय येई.

एकदा विचारलं, “भाऊ, वावरात संगं कोण होतं?”

त्याचा हात पाण्यातच थांबला. “लहाना भाऊ. त्याच्या पाठीवर पंप मीच चढवला. तो नाही वाचला.”

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

“एकटाच होतो मी वावरात,” त्यानं नेहमीची गोष्ट सुरू केली. अंधारापाशी आल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.