चोरीला गेलेला ड्रोन आणि माझा राखीभाऊ

मैत्रिणींनो, आत्ताच पोलीस ठाण्यातून घरी आले. पाणीही प्यायले नाही, आधी तुम्हाला सांगते.

मी आमच्या कोंढा गावात धानावर ड्रोननं फवारणी करते. ड्रोन प्रकाशदादाच्या नावावर आहे. त्यानंच मला तो उडवायला शिकवलं, म्हणून मी त्याला राखी बांधते.

मागच्या आठवड्यात आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डबा खात होतो. तेवढ्यात रस्त्यावरच्या गाडीतून कोणीतरी ड्रोन रिमोटसकट उचलून नेला. मी म्हटलं, "दादा, आताच पोलिसांना कळव. मालकानं कळवाच लागते, कायदाच आहे. कोणाच्या हाती लागला अन् त्यानं काय केलं, काही भरोसा नाही."

संध्याकाळी त्याचा फोन आला, "ठाण्यात सांगून आलो. तू टेन्शन नको घेऊ."

मी निश्चिंत झोपले.

आज सकाळी तोच ड्रोन धरणावर घिरट्या घालताना पकडला गेला. आम्हा दोघांना ठाण्यात बोलावलं. साहेबांनी विचारलं, "चोरीची खबर का दिली नाही?"

दिलीच नव्हती! बोभाटा झाला तर कामं जातील, म्हणून दादा गप्प बसला होता.

तेही मी गिळलं असतं. पण त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, "साहेब, उडवते तर हीच. चोरी झाली हे मले सांगितलंच नाही हिनं."

आणि आता त्याचा मेसेज आलाय, "भाऊबीजेले येजो, ताई. ठाण्यातलं मनावर नको घेऊ."

माझ्या जागी तुम्ही असता, तर गेला असता का ओवाळायला?