साडेपाचची रात्र

रात्र कशी जगावी हे या पृथ्वीतलावर एकाच माणसाला कळलेलं आहे आणि तो माणूस नशिबाने माझा थोरला साडू आहे. नशिबाने म्हणजे कुणाच्या, हे मात्र रात्री एक वाजता माझा फोन वाजतो तेव्हा ठरवणं कठीण जातं. “काय रे, जागा आहेस ना?” असा खणखणीत आवाज येतो. मी अंबरनाथला अंथरुणात, ते बदलापूरला आपल्या गॅलरीत मांडीवर डबा उघडून बसलेले. कारखान्यात जन्मभर रात्रपाळी केली, तिथे जेवणाची सुट्टी एकला व्हायची, म्हणून निवृत्तीनंतरही साडूभाऊ रात्री एकलाच जेवतात, आणि तेही डब्यातच. ताटात जेवायला वाढलं की त्यांना आपण आजारी आहोत असं वाटतं. एकट्याने जेवायचं नाही हीही कारखान्यातलीच सवय, म्हणून मला फोन. भाजी कसली आहे, समोरच्या इमारतीचा वॉचमन खुर्चीत कसा पेंगतोय आणि त्याला वरून टॉर्च मारून कसा जागा केला, हे सगळं ऐकल्याशिवाय माझी सुटका नसते. संध्याकाळी सात वाजता रस्त्यात भेटले तर मनापासून “गुड मॉर्निंग” म्हणतात. त्यांच्या इमारतीपासून सोनिवलीपर्यंतची झाडून सगळी कुत्री त्यांना ओळखतात, पण फक्त रात्री. एकदा दुपारी त्यांच्यातलंच एक कुत्रं त्यांच्यावर भुंकलं, तर म्हणाले, “त्याची काय चूक? उजेडात त्याने मला कधी पाहिलंय?”

रात्रपाळीवाल्याचा दिवस म्हणजे घरच्यांची संचारबंदी. पूर्वी ते विठ्ठलवाडीला चाळीत राहायचे. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, आणि घरात सगळं बोलणं कुजबुजत. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे त्यांची बायको. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. कुकरची शिट्टी होणार हे ताईंना आधीच कळायचं आणि त्या धावत जाऊन गॅस बारीक करायच्या. त्या घरातल्या कुकरने अख्ख्या जन्मात कधी तोंड उघडलं नाही. गणपतीची आरतीसुद्धा कुजबुजत व्हायची. झांजा वाजवायच्या नाहीत, नुसत्या एकमेकींना टेकवायच्या. माझी बायको लग्नाआधी महिनाभर ताईंकडे राहून आली आणि लगेच मी तिला बघायला गेलो. काय हळुवार बोलते मुलगी, असं वाटून मी तिथल्या तिथे होकार दिला. तो परिणाम लग्नानंतर आठवड्याभरात ओसरला.

खरी पंचाईत झाली ती साडूभाऊ निवृत्त झाल्यावर. आता तरी दोघं निवांत एकत्र राहतील असं आम्हाला वाटलं होतं. पण ते रात्रभर टक्क जागे आणि ताई नऊच्या ठोक्याला झोपणार. नवरा सकाळी घरी यायच्या आत पाणी भरून स्वयंपाक तयार ठेवायचा, म्हणून ताईंना पहाटे उठायची जन्माची सवय. नऊ वाजले की हातात पोळी असली तरी त्यांचे डोळे मिटतात. एकदा साडूभाऊ मला म्हणाले, आणि त्या वेळी त्यांच्या आवाजात नेहमीचा खणखणाट नव्हता, “लग्नाला एवढी वर्षं झाली रे, पण मी रात्रीची तुमची ताई पाहिलीच नाही. झोपलेली पाहिली. मला एकदा तिच्याबरोबर एक जागी रात्र पाहिजे.” मग त्यांनी मोबाइल काढून मला एक व्हिडिओ दाखवला: कुठल्याशा बेटाच्या किनाऱ्यावर रंगीत दिवे, गाणी आणि नाचणारी जोडपी. “नाइट लाइफ!” ते ओरडले. “आपण चौघं अंदमानला जातोय!”

तिथून पुढचे दोन महिने बदलापुरात नाइट लाइफ सोडून दुसरा विषय नव्हता. उल्हासनगरच्या बाजारातून त्यांनी चमचमत्या टिकल्यांचा शर्ट आणला. दुकानदार म्हणाला, “साईं, लाईट गेली तरी हा शर्ट चमकेल, गॅरंटी माझी!” साडूभाऊंनी गॅरंटी तपासायला तिथेच शटर अर्धं ओढायला लावलं. पुढे पॉवर बँकेवर गरगर फिरणारा एक रंगीत दिवा घेतला, छोटा स्पीकर घेतला, आणि मग ताईंची तालीम सुरू झाली. दुपारची झोप सक्तीची, रात्री आठला कडक कॉफी. कोजागिरीला गच्चीवर रंगीत तालीम ठेवली. नऊ वाजले आणि ताई दुधाचा पेला हातात धरून उभ्या उभ्या झोपल्या. एक थेंब सांडला नाही. साडूभाऊंनी त्यांच्या हातातला पेला अलगद काढून घेतला.

अंदमानला पोचलो, तिथून आणखी एका छोट्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बसलो, आणि टूरच्या मॅनेजरबाईंनी माइकवर सांगून टाकलं, “मंडळी, बेटावर आठ वाजता सगळी दुकानं बंद होतात. लोक तिथे शांततेसाठी येतात.” साडूभाऊ ताडकन उठले. “शांतता? अहो बाई, शांतता माझ्या घरी जन्मभर होती! ती बघायला मी समुद्र ओलांडून आलो काय?” अख्खी बोट हसली, पण ते दिव्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून खाली बसले. ताईंनी हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “अहो, मी जागेन हो. दहापर्यंत नक्की जागेन.” त्यांनी मान हलवली. दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

बेटावर जेवून आम्ही जरा आडवे झालो, उठलो आणि चहाचे कप घेऊन किनाऱ्यावर बसलो. चहा संपायच्या आत ताई म्हणाल्या, “अहो, मला अंधारी येतेय का हो? सगळं काळं काळं दिसतंय.” आम्ही घाबरून वर पाहिलं, तर आम्हालाही तसंच दिसत होतं. बायकोने घड्याळ पाहिलं. सव्वापाच. मॅनेजरबाई हसत म्हणाल्या, “काकू, आपण देशाच्या पार पूर्वेला आलोय. घड्याळ आपलंच, पण सूर्य इथे लवकर जातो. साडेपाचला इथे रात्रच होते.”

साडूभाऊंनी कप वाळूत ठेवला. त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला, परत केला, आणि मग असे ओरडले की नारळाच्या झाडावरचे कावळे उडाले. “साडेपाच ते नऊ! अरे, अख्खी रात्र आहे! आणि ही जागी आहे!” साठी ओलांडलेला तो माणूस खोलीकडे पळत सुटला. मी त्यांना पळताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

परत आले तेव्हा अंगात तो शर्ट होता, आणि उल्हासनगरच्या दुकानदाराचा शब्द खरा होता: काळोखात आधी शर्ट दिसला, मग साडूभाऊ. शहाळेवाल्याच्या बांबूला दिवा टांगला, स्पीकर लावला, आणि लाल-हिरवे ठिपके वाळूवर धावू लागले. आमच्या टूरमधली मंडळी जमली. शहाळेवाला “दादा, थोडा और जोर से!” म्हणून कोयता बाजूला ठेवून नाचायला आला. ताई मात्र पदर सावरत कडेला उभ्या. “अहो, हळू. लोक झोपले असतील.” “कोण झोपलंय? साडेसहा वाजलेत साडेसहा!” असं म्हणून साडूभाऊंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि चक्क फुगडी धरली. नवऱ्याबायकोची फुगडी मी कधी पाहिली नव्हती. आधी ताई लाजल्या, मग पाय जुळले, मग वेग आला, आणि मग त्या ओरडल्या, “अहोऽऽ, हात सोडू नकाऽऽ!” आम्ही सगळे चमकून थांबलो. ताईंना एवढा मोठा आवाज आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांनाही नसावं. साडूभाऊ धापा टाकत म्हणाले, “परत ओरड. परत!” आणि ताई परत ओरडल्या. त्या रात्री त्या गायल्या, भांडल्या, माझ्या बायकोशी झिम्मा खेळल्या, शहाळेवाल्याला त्यांनी पुरणपोळीची कृती ओरडून सांगितली. मी इतका आनंद एका जागी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

नऊ वाजले. ताई वाळूत बसून काहीतरी सांगत होत्या, “आणि मग ना...” म्हणाल्या आणि साडूभाऊंच्या खांद्यावर मान टाकून झोपल्या. साडूभाऊंनी दिवा बंद करायची खूण केली. तेवढ्यात मॅनेजरबाई दुरूनच ओरडत आल्या, “काका, उद्या सकाळची बोट...” साडूभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. “शूऽऽ. हळू बोला. झोपलीय ती.” माझी बायको तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. ज्या घरात तिने महिनाभर कुजबुजत दिवस काढले, ते घर तिला आठवलं असणार. साडूभाऊ कितीतरी वेळ खांदा न हलवता तसेच बसून होते.

आता बदलापूरच्या फ्लॅटमध्ये कुकर मनसोक्त शिट्ट्या मारतो. साडूभाऊंनी खिडक्यांना पुन्हा काळे कागद लावलेत आणि रोज साडेपाचला त्यांच्या घरात रात्र होते. आत लाल-हिरवा दिवा गरगरतो, आणि जिन्यातून जाताना ताईंचं गाणं ऐकू येतं. नऊला सगळं शांत होतं. एक वाजता माझा फोन अजूनही वाजतो, भाजी कसली आहे ते अजूनही कळतं. फक्त पूर्वीचा तो खणखणीत आवाज नाही. पलीकडून कुणीतरी अगदी कुजबुजत विचारतं, “काय रे, जागा आहेस ना? हळू बोल.” मग मीही हळू बोलतो.