बैल नसलेली गाडी

वळसंगच्या निंगप्पांना परवानगी मागायची सवय होती, द्यायची नव्हती. साखर कारखान्याच्या फाटकातून आत यायची, काट्यावर गाडी चढवायची, रिकामी करून बाहेर पडायची, अशी चाळीस हंगाम त्यांनी परवानगीच मागितली. पहिले नऊ हंगाम बैलगाडी. पुढचे एकतीस ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. दोन्ही ट्रॉल्या मागे घेत खांबापासून वीतभर अंतरावर आणून उभ्या करणारा माणूस, असं त्यांचं नाव होतं. त्या नावापायी दुसऱ्यांच्या अडकलेल्या ट्रॉल्या काढायला त्यांना रोज कुणीतरी बोलवायचं, एवढाच त्याचा उपयोग.

साठीनंतर गुडघ्यानं क्लच दाबायला नकार दिला आणि निंगप्पा घरी बसले. त्यांना उठवलं सोलापूरच्या इंद्रायणीबाईंनी.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. निंगप्पांची दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यातला अमरेश तर एकाच वर्गातून दोनदा. बाईंचे पती देवदत्त भूगोलाचे शिक्षक. उजनी धरणाचा भिगवणपर्यंत पसरलेला जलाशय त्यांनी चौतीस वर्षं फळ्यावर काढला, हिवाळ्यात तिथं उतरणारे रोहित पक्षी गुलाबी खडूनं रंगवले, आणि डोळ्यांनी कधी पाहिले नाहीत. सुट्ट्या जनगणनेत, निवडणुकीत आणि पेपर तपासण्यात गेल्या. निवृत्त झालो की जाऊ, असं ठरलं होतं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला, मग पाय आखडले. आता पाऊण तासापलीकडे त्यांना बसवत नसे. आडवं व्हावं लागे, आणि संडास जवळ लागे. भिगवण अडीच तासांवर. डॉक्टर या हिवाळ्याबद्दल मोकळेपणानं बोलत. पुढच्या हिवाळ्याचं विचारलं की औषधांच्या वेळा सांगत.

म्हणून बाईंनी अठरा फुटी कॅरॅव्हॅन घेतली. जीपच्या मागे जोडून ओढायची, चाकांवरची खोली: दोन पलंग, संडास, छोटा ओटा. नोंदणी आणि परवान्याची कागदपत्रं पार पडली; शाळेच्या अनुदानाच्या फायली पंधरा वर्षं ढकललेल्या बाईला त्यात विशेष काही वाटलं नाही. अडलं पुढे. ड्रायव्हर येत, मागची लांबी पाहत, आणि घरात लग्न निघाल्याचं सांगत. शेवटी बाईंनी वळसंगला निरोप धाडला.

"कोन चालवनार? तुमी?" निंगप्पांनी अंगणातल्या त्या पांढऱ्या खोलीला एक फेरी मारून विचारलं.

"का? बायकांना वर्ज्य आहे का?"

"बायकांना न्हाय, मास्तरलोकांना. तुमाला मागं बघायची सवय न्हाय. पोरं कायम म्होरंच बसत्यात की."

खुर्चीतले देवदत्त हसले. त्यांचं हसू आता उशिरा पोचायचं, सगळे गप्प झाल्यावर.

निंगप्पांनी अट घातली. "मी व्हय म्हनल्याबिगर सरांना गाडीत बसवायचं न्हाय. एक दिवसबी न्हाय."

"कबूल," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी निंगप्पांच्या होकारासाठी थांबणार होतं.

"मार्च संपला की पक्षी जातात," देवदत्त म्हणाले. जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता.

शिकवणी अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका माळावर सुरू झाली. माळाचे प्लॉट पाडले होते. रस्ते होते, चौक होते, चौकांना नावंही होती. घर मात्र एकही नव्हतं. चुका करायला याहून सोयीचं गाव नाही. निंगप्पा प्लॉटच्या पांढऱ्या दगडांकडे बोट दाखवत आणि बाई त्या दोन दगडांमधून मागे यायला लागत.

"हात स्टेरिंगच्या खालच्या अंगाला धरा. हात जिकडं, शेपूट तिकडं. निधान, निधान." हे त्यांचं कानडी 'हळू'. 'पुरे' म्हणायचं तर 'साकु'.

पहिल्या आठवड्यात बाईंनी तीन चौक मोडले. मागे घेण्याआधी प्रत्येक वेळी उतरून बघायचं, हा नियम. बाईंना कंटाळा आला की निंगप्पा म्हणत, "उतरायला लाज वाटती? मग भिताडाला वाटनार न्हाय." कोपऱ्यावर वळण मोठं घ्यायचं. जोडाखालच्या साखळ्या एकमेकींवर फुलीसारख्या घ्यायच्या. थांबलं की प्रत्येक चाकाला उलट्या हातानं शिवायचं, ताप आलेल्या बैलाचा कान बघतात तसं. आणि मागची गाडी हेलकावे खायला लागली तर? "ब्रेक न्हाय. पाय काढायचा, हात सरळ धरायचा. देव आठवायचा न्हाय, तेवढा वेळ नसतो."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला निंगप्पा म्हणाले, "व्हय." सोमवारी निघायचं ठरलं. शनिवारी सगळं सामान भरून एक शेवटची फेरी. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, तांदूळ, सिलिंडर, सगळं निंगप्पांनी स्वतः उभं राहून मागच्या भिंतीला लावून घेतलं. मग जीपला जोडायचं तोंड त्यांनी एका हातानं वर उचलून दाखवलं.

"बघा बाई. फुलासारखी उचलती."

महामार्गावर बाईंनी साठचा वेग धरला. बाजूनं एक मालट्रक गेला आणि कॅरॅव्हॅनचं शेपूट डावीकडे सरकलं. मग उजवीकडे, आधीपेक्षा जास्त. मग जीपच झुलू लागली. शेजारी बसलेल्या निंगप्पांचा पाय तिथं नसलेला क्लच दाबत होता. बाईंनी पाय काढला, हात सरळ धरले. दोनेकशे मीटर ती खोली त्यांना फरफटवत होती की त्या तिला, हे सांगणं कठीण होतं. मग झोके लहान झाले आणि गाडी कडेला थांबली.

"निंगप्पा, काय चुकलं माझं?"

निंगप्पांनी मागचं दार उघडून आत पाहिलं आणि मैलाच्या दगडावर जाऊन बसले. म्हणाले, "तुमचं न्हाय. माझं चुकलं. बैलगाडी भरताना वझं जरा मागं घ्यायचं. न्हायतर बैलाचा खांदा सुजतो. बाप म्हनायचा, स्वताच्या पोटाला कमी घे, पर त्याची मान जड करू नगं." त्यांनी जीपकडे हात केला. "हितं बैलच न्हाय, बाई. मी कुनाची मान वाचवीत हुतो?"

उसाच्या ट्रॉल्यांना पुढे-मागे मिळून चार चाकं, त्यांचं ओझं ट्रॅक्टरवर फारसं येतच नाही. शिवाय वेग वीसचा. चाळीस वर्षांत ही चूक उघडी पडायला जागाच मिळाली नव्हती. तिनं शनिवार निवडला, हे उपकार. सोमवारी देवदत्त पुढच्या सीटवर असते.

"माझं व्हय मी माघारी घेतो," निंगप्पा म्हणाले. "तुमी दुसरा मानूस बघा."

"नापास झालं म्हणून शाळा सोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "अमरेशला मी सोडलं होतं का?"

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बाईंच्या बैठकीत भरला. कॅरॅव्हॅनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक कपाटातच होतं. घरात शिक्षक असले की पुस्तक उघडायची गरज भासत नाही. बाई वाचून मराठीत सांगत, निंगप्पा सतरंजीवर बसून ऐकत. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तोंडावर आलाच पाहिजे. मागे भार गेला की शेपूट मोकाट. निंगप्पांना ते पटेना. देवदत्तांनी कागद मागवला आणि चाक, तोंड, भार काढून दाखवलं. रेघा थरथरत होत्या, पण बाण बरोबर जागी लागला.

"आता दिसलं, सर," निंगप्पा म्हणाले.

त्यांनी ओळखीच्या आडत दुकानातून धान्याचा काटा आणला आणि कॅरॅव्हॅनचं तोंड त्यावर टेकवलं. काटा पस्तीस किलोवर थांबला. हवे होते दीडशे. ते सामान पुढे घेत गेले आणि काट्याकडे बघत राहिले. नंतर महिनाभर फेऱ्या झाल्या: चाळीसच्या वेगानं, पन्नासच्या, मग साठच्या. मार्च लागला. ऊन वाढलं. कधी निघायचं, हे बाईंनी विचारलं नाही. देवदत्तांनी एकदा विचारलं.

"निंगप्पा, माझ्यामुळं अडून बसलात का?"

"तुमच्यामुळंच, सर."

पंधरा मार्चला त्यांनी होकार दिला, या वेळी नुसती मान हलवून. निघताना देवदत्त म्हणाले, आत पलंग असताना मी पुढे का बसू?

"चालत्या गाडीत मागं मानूस न्हाय. दर पाऊन तासानं थांबा, मग झोपा की खुशाल."

एक थांबा मोहोळजवळ झाला, दुसरा मोडनिंबला. देवदत्त आत आडवे झाले. निंगप्पांनी सगळ्या चाकांना उलटा हात लावला, साखळ्या पाहिल्या आणि पिशवी घेऊन बाजूला झाले.

"हितनं तुमी दोघं जावा. मी शेजारी असलो की तुमी माझं ऐकता. गाडीचं ऐका."

देवदत्त उठून पुढच्या सीटवर आले आणि जीप निघाली. पाठोपाठ एक मालट्रक आला, पुढे जायला बाहेर निघाला. निंगप्पांनी शेपटावर नजर ठेवली. मालट्रक गेला. शेपूट सरळ होतं. दिसेनासं होईपर्यंत ते पाहत राहिले, आणि तेवढ्यात पलीकडून सोलापूरची एसटी निघून गेली.

दुपारी चारला फोन आला, तेव्हा ते वळसंगच्या ओट्यावर होते.

"पोचलो."

"मागं घेताना उतरून बघितलं का?"

"तीनदा."

"पक्षी हायत?"

"आहेत. थोडे राहिलेत. सर खुर्ची टाकून बघत बसलेत."

"काय म्हनत्यात?"

"म्हणतात, चौतीस वर्षं खडू जरा जास्तच गडद वापरला."