खुन्याच्या तोंडचं वाक्य

माझ्या साडूंच्या दिवाणखान्यात जेवढे खून झालेत, तेवढे लढाया वगळल्या तर अख्ख्या मावळात कधी झाले नसतील. कुसगावला त्यांचा बंगला आहे. पुढं सिल्व्हर ओकची रांग, पावसाळ्यात थेट दारापर्यंत धुकं, त्यामुळं रहस्यपट काढणाऱ्या मंडळींना तो बघताक्षणी आवडतो आणि साडू तो शूटिंगला भाड्यानं देतात. अट एकच सांगतात, खून गालिच्यावर करायचा नाही, डाग जात नाहीत. दुसरी अट युनिटला मागाहून कळते. मालक पटकथेवर सल्ला देतात, आणि तो फुकट असल्यामुळं बंद करता येत नाही.

साडू जन्मभर विम्याच्या कचेरीत होते, म्हणजे मरणाकडं संशयानं बघायची सवय जुनीच. एका दिग्दर्शकानं प्रेक्षकांना घाबरवायला बंगल्यातली वीज घालवली, तर हे म्हणाले, "लोणावळ्यात वीज गेली की माणूस घाबरत नाही हो, शेजाऱ्यांची गेलीय का ते बघतो." दुसऱ्यानं इन्स्पेक्टरसमोर सगळं घराणं एका खोलीत जमवलं. साडूंचं मत पडलं की आपल्याकडं सगळे एकदम जमतात ते फक्त वाटणीला, खुनी सापडायच्या आत सातबारा निघेल. तिसऱ्याच्या सिनेमात प्रेत जमिनीवर, आणि मंडळी उंची ग्लास हातात धरून एकमेकांवर संशय घेत बसलेली. कॅमेऱ्यामागून साडूंचा आवाज आला, "त्याच्या घरी कुणी कळवलंय का?" तो शॉट वाया गेला. त्यांचं म्हणणं असं, की खुनी कोण हे माणूस गाडी काढता काढता विसरतो, मेलेल्याचं काय राहून गेलं ते मात्र घरी घेऊन जातो. हे ते मलाही दर भेटीत ऐकवायचे आणि वर चहा मीच करायचा.

गेली दोन वर्षं ते येईल त्या युनिटला एकच प्रसंग ऐकवत होते. खून झालेल्या माणसाचं दहावं. नदीकाठी पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही. नातेवाईक एकेक करून शब्द देतात, पोरीचं लग्न करू, आईला सांभाळू. कावळा ढिम्म. मग गर्दीतला एकजण पुढं होऊन हळूच काहीतरी बोलतो आणि कावळा झडप घालतो. मेलेल्याच्या मनातलं त्या एकालाच ठाऊक, म्हणजे खुनी तोच. साडूंची टर उडवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, पण हे ऐकून अंगावर काटा आला. खोट एवढीच होती, की तो माणूस नेमकं काय बोलतो ते वाक्य साडूंना सुचत नव्हतं.

का सुचत नव्हतं, ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी माझी थोरली मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, गेली. तिच्या दहाव्याला आम्ही इंद्रायणीकाठी असेच उभे होतो. मुलाला परदेशातून परत बोलावू, बागेतली जास्वंद जगवू, धाकट्या बहिणीला अंतर देणार नाही, काय काय कबूल केलं. साडू मुके उभे. कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही जेवायला गेलो.

यंदा एका तरुण दिग्दर्शकानं तो प्रसंग घेतला आणि साडू नवा सदरा घालून नदीवर हजर झाले. पण आमचे कावळे पर्यटकांच्या भज्यांवर पोसलेले, भाताकडं ढुंकून बघेनात. बघायला जमलेले एक आबा म्हणाले, "आवो, ह्यास्नी भात कशापायी दावताय? हितं भाताला कोन इचारतंय आता?" दिग्दर्शक म्हणाला, "कावळा नंतर संगणकावर टाकू, काका. पण नट काय बोलणार तेवढं सांगा, नाहीतर प्रसंग काढावा लागेल." सगळं युनिट साडूंच्या तोंडाकडं बघत थांबलं. साडू पिंडाकडं बघत होते.

"ते मला ठाऊक असतं," ते म्हणाले, "तर मी तेव्हाच बोललो नसतो का?"

प्रसंग सिनेमातून निघाला. मी त्यांना बंगल्यावर आणलं, चहा टाकला. कधी नव्हे ते टोमणा मारावासा वाटेना. कप हातात घेऊन ते म्हणाले, "ती कधी काही मागायचीच नाही हो. मला वाटायचं, मजेत आहे."

त्या संध्याकाळी तळेगावला घरी आलो, तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "तुला काही हवंय का गं?"

तिनं मान वर करून माझ्याकडं निरखून पाहिलं. "काय झालं? बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"बरा आहे," म्हटलं, आणि तिच्यासमोर बसून तेच पुन्हा विचारलं.